पट्टा तुटला, नंबर पुसला. आता दुकानात मागायचं काय?

यवतमाळ : चक्की बंद पडली की गावाला लगेच कळतं. डबे परत जातात. मागच्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या घरच्या चक्कीचा पट्टा तुटला. चकलीची भाजणी, अनारशाचे तांदूळ, बेसन, सगळ्यांचे डबे रांगेत लागलेले. तुटलेल्या पट्ट्यावर "बी" एवढंच अक्षर दिसत होतं, पुढचा आकडा घासून साफ गेलेला. टेप घेतला, पट्टा जमिनीवर पसरवला, वरच्या अंगाने मोजला. 65 इंच भरला. तालुक्याला गेलो, "बी 65 द्या" म्हणालो, दुकानदाराने काढून दिला. घरी येऊन चढवला तर मोटर मागे सरकवून सरकवून बोल्ट भोकाच्या टोकाला टेकले, तरी पट्टा ढिलाच. पुन्हा तालुका, पुन्हा तिकीट. पहिला पट्टा तेल लागलं म्हणून परत घेतला नाही, तो वेगळाच. या सगळ्यात तीन दिवस गेले आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गावच्या चक्कीवर गेलं. त्यातले काही अजून तिकडेच जातात.

दुकानदाराची चूक नव्हती. मी मागितलं ते त्याने दिलं. चूक मोजण्यात होती, आणि ही चूक घरोघरी होते. चक्की असो, कडबा कुट्टी असो, सुताराचं रंधा मशीन, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, वेल्डिंगच्या दुकानातलं बेंच ड्रिल किंवा तूर भरडायची मिनी दाल मिल, पट्ट्याचं गणित सगळीकडे एकच आहे.

अक्षर म्हणजे जाडी, आकडा म्हणजे आतली लांबी

आपल्याकडे बहुतेक यंत्रांना व्ही बेल्ट असतो, म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळता. त्याच्या पाठीवर अक्षर आणि आकडा छापलेला असतो. अक्षरावरून पट्ट्याचा आकार कळतो. "ए" पट्टा वरून 13 मिलिमीटर रुंद आणि 8 मिलिमीटर जाड. "बी" 17 रुंद, 11 जाड. "सी" 22 रुंद, 14 जाड. ए पेक्षा बारीक "झेड", तो 10 रुंद आणि 6 जाड. घरगुती कामात ए आणि बी यांचंच राज्य आहे. सी हा मळणी यंत्र, मोठी चक्की, जिनिंग अशा जड कामाला लागतो.

अक्षरापुढचा आकडा ही पट्ट्याची लांबी इंचात. पण कोणती लांबी? आतल्या अंगाची. मेख इथेच आहे. आपण टेप लावतो तो पट्ट्याच्या पाठीवर, कारण तिथे मोजणं सोपं जातं. पट्टा जाड असल्यामुळे बाहेरची लांबी आतल्यापेक्षा जास्त भरते. ए पट्ट्यात हा फरक साधारण 50 मिलिमीटर म्हणजे 2 इंच पडतो. बी मध्ये 69 मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंचाच्या आसपास. सी मध्ये 88 मिलिमीटर, साडेतीन इंच. माझे 65 इंच बाहेरचे होते. त्यातून पावणेतीन वजा केले असते तर सव्वाबासष्ट आले असते आणि मी बी 62 मागितला असता. तोच बरोबर होता.

बाहेरून आलेल्या काही यंत्रांवर "4 एल 420" असा पट्टा सापडतो. हे पाहून माणूस चक्रावतो. याची रुंदी ए एवढीच, पण इथे आकडा बाहेरच्या लांबीचा आहे आणि शेवटचा शून्य दशांशाचा. म्हणजे बाहेरून 42 इंच. आपल्या भाषेत तो जवळपास ए 40. ए 42 आणला तर ढिला होणार. "एसपीबी" लिहिलेला पट्टा दिसायला बी सारखाच, पण जाडी 13 मिलिमीटर, आणि त्याचा आकडा इंचात नाही, मिलिमीटरमध्ये असतो. "बीएक्स" असेल तर घाबरू नका. तो बी च आहे, फक्त आतून दातेरी कापलेला. लहान पुलीवर तो जास्त सहज वळतो.

जुन्या पट्ट्यावर भरवसा किती ठेवायचा?

थोडाच. वर्षानुवर्षं चाललेला पट्टा लांबतो आणि दोन्ही बाजूंनी झिजून अरुंद होतो. झिजलेला बी पट्टा मोजला तर 15 भरेल. मग दुकानात वाद, "हा ए आहे का बी?" ए आणि बी च्या मधला आकार साध्या पट्ट्यांत नसतोच. 13 पेक्षा जास्त भरला तर तो झिजलेला बी समजा. खात्रीसाठी पुलीची खाच वरच्या तोंडाला मोजा. पट्टा झिजतो तेवढी पुली झिजत नाही.

पट्टा सापडलाच नाही, किंवा उंदराने कुरतडून तुकडे केले, तर लांबी पुल्यांवरून काढता येते. मोटर तिच्या लांबट भोकांत अशी ठेवा की मागे ताणायला जास्त जागा राहील आणि पुढे पट्टा चढवण्यापुरती थोडी. मग शिंप्याचा टेप किंवा नवारीची पट्टी दोन्ही पुल्यांच्या कडेवरून फिरवा. सुतळी वापरू नका, ती खाचेत घसरते आणि माप कमी येतं. जे माप येईल ती बाहेरची लांबी. त्यातून ए साठी 2, बी साठी पावणेतीन इंच वजा करा.

हिशोबाने काढायचं असेल तर तेही अवघड नाही. दोन शाफ्टच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट करा. दोन्ही पुल्यांचे व्यास मिळवून त्याला 1.57 ने गुणा आणि आधीच्यात मिळवा. पुल्या लहानमोठ्या असतील तर व्यासांतल्या फरकाचा वर्ग करून त्याला अंतराच्या चौपटीने भागा, तेही मिळवा. आमची मोटरची पुली 5 इंची, चक्कीची 10 इंची, अंतर साडेवीस इंच. दुप्पट 41. पंधरा गुणिले 1.57 म्हणजे 23.55. फरक 5, त्याचा वर्ग 25, भागिले 82, म्हणजे 0.3. बेरीज 64.85. पावणेतीन वजा केले की 62.1. पोरगा दहावीत असेल तर त्याच्याकडून करून घ्या, त्यालाही भूमिती कुठे लागते ते कळेल.

नेमका नंबर दुकानात नसला तर एक नंबर मागेपुढे चालतो, कारण मोटर सरकते. पण बी च्या खाचेत ए घालू नका. तो खाचेच्या तळाला जाऊन बसतो. व्ही बेल्ट चालतो तो दोन्ही बाजूंच्या पकडीवर. तळाला टेकला की घसरतो, तापतो, जळका वास येतो. म्हणूनच नवीन पट्टा आणण्याआधी पुलीच्या खाचेत बॅटरीचा उजेड मारून बघा. तळ घासून चकाकत असेल तर पुलीच झिजली आहे. तिच्यावर कितीही चांगला पट्टा टाका, टिकणार नाही.

मिळतो कुठे?

यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा, दारव्हा, उमरखेड अशा बाजाराच्या गावी बेअरिंगच्या दुकानात पट्टे असतात. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडेही चालू नंबर टांगलेले असतात. आपला जिल्हा कापसाचा. जिनिंगला माल पुरवणारी दुकानं बी आणि सी चे असे नंबर ठेवतात जे साध्या हार्डवेअरमध्ये सापडत नाहीत, तिथे विचारून बघा. आणि हे अनेकांना माहीत नसतं की देशभर आणि परदेशात जाणारे पट्टे आपल्या शेजारी नागपुरातच बनतात. पिक्स ट्रान्समिशन्स ही कंपनी नागपूरची, तिचा कारखाना हिंगणा एमआयडीसीत आहे. म्हणजे इकडे नसलेला नंबर नागपूरहून पार्सलने मागवणं काही मोठी गोष्ट नाही. फेनरचा पट्टाही बाजारात जुना आणि ओळखीचा. नाव कोणतंही असो, पट्ट्यावर कंपनी, अक्षर, आकडा आणि आयएस 2494 हे स्पष्ट छापलेलं बघा. हे औद्योगिक व्ही बेल्टचं भारतीय मानक आहे. छपाई बोटाने चोळल्यावर निघत असेल तर तो पट्टा परत ठेवा.

शिलाई मशीनचं प्रकरण वेगळं. पायाच्या मशीनचा चामडी गोल पट्टा मीटरवर मिळतो, टोकाला भोक पाडून तारेचा हूक घालायचा, झालं. पहिल्या आठवड्यात तो सैल पडतो, मग अर्धा बोट कापून पुन्हा जोडायचा. जुन्या इंजिनवरच्या चक्कीचा सपाट कॅनव्हासचा पट्टाही असाच मापाने कापून क्लिपने जोडतात. व्ही बेल्ट मात्र कापून जोडायचा नसतो. तारेने शिवलेला व्ही बेल्ट मी स्वतः पाहिला आहे, एका कुट्टी मशीनवर. तो सुटला तर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येईल. नड फारच असेल तर कड्याकड्यांचा जोडपट्टा मिळतो. तो हवा तेवढ्या लांबीचा करता येतो, पण महाग पडतो.

दातेरी टायमिंग बेल्टला यातलं काहीच लागू नाही. त्याचे दात मोजा, दोन दातांमधलं अंतर आणि रुंदी मोजा, आणि जुना पट्टा सोबत न्याच.

चढवताना

आधी मेन स्विच बंद, किटकॅट काढून स्वतःच्या खिशात. घरात कोणीतरी "लाईट काहून नाही?" म्हणत बटन दाबतंच. पदर, ओढणी, दुपट्टा, गळ्यातला गमछा खोचून घ्या. पट्टा आणि पुलीच्या मध्ये कापड गेलं तर ते ओढून काढायला वेळ मिळत नाही. पट्ट्यावरची जाळी काढली असेल तर चालू करण्याआधी परत बसवा. "नंतर बसवू" म्हणून काढलेल्या जाळ्या चक्कीच्या कोपऱ्यात गंजताना किती दिसतात, हे ज्याचं त्याला माहीत.

पेचकस किंवा टॉमी घालून पट्टा पुलीवर चढवणं ही आपली जुनी खोड. त्याने आतले धागे तुटतात. बाहेरून पट्टा नवा दिसतो आणि महिन्याभरात जातो, मग दोष कंपनीला. मोटरचे बोल्ट सैल करा, मोटर पुढे घ्या, पट्टा हाताने बसवा, मग मोटर मागे ओढा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का हे दोरी ताणून बघा. दोरी मोठ्या पुलीच्या बाजूला लावली की लहान पुलीलाही सारखी टेकली पाहिजे. तिरपी असेल तर पट्टा एकाच बाजूने खरवडला जातो.

ताण किती? दोन पुल्यांच्या मध्ये हातभर मोकळा पट्टा असेल तर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो पेन्सिलीच्या जाडीएवढा दबावा. त्याहून कडक ठेवला तर बेअरिंग जाते, आणि बेअरिंग पट्ट्यापेक्षा महाग. नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैल पडतो, तेव्हा दोन-तीन डबे दळून झाले की बंद करून पुन्हा ताणा. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला, एकाच कंपनीचे. एक नवा, एक जुना ठेवला तर सगळा भार नव्यावर येतो.

घसरतोय म्हणून राळ टाकू नका. सपाट पट्ट्याच्या काळात ते चालायचं. व्ही बेल्टवर राळ चिकटून त्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत होतात. तेल, ग्रीसही दूर ठेवा.

वारंवार एकच पट्टा तुटत असेल तर मोटरची पुली मोजा. बी पट्ट्याला साधारण 5 इंचापेक्षा आणि ए ला 3 इंचापेक्षा लहान पुली मानवत नाही. फार लहान वर्तुळात वळून वळून तो चिरतो. कोणी वेग बदलायला पुली बदलली असेल तर कारण तिथे सापडेल. एक लक्षात घ्या, 1440 फेऱ्यांच्या मोटरवर 5 इंच आणि चक्कीवर 10 इंच असेल तर दगड 720 फेरे फिरतो. पुली बदलली की हा हिशोब बदलतो, पीठ तापायला लागतं किंवा भरड येतं. म्हणून पट्टा मिळत नाही म्हणून पुली बदलू नये.

एक पट्टा जास्तीचा ठेवा. दोन-चारशे रुपयांची गोष्ट आहे, आणि दिवाळी किंवा मळणीच्या दिवसांत ती वसूल होते. खिळ्याला टांगू नका, तिथे त्याला बाक येतो. सैल गुंडाळी करून पत्र्याच्या डब्यात ठेवा. उन्हापासून वाचतो, उंदरांपासूनही. आमच्या चक्कीच्या भिंतीवर आता ऑइल पेंटने लिहून ठेवलं आहे: बी 62, एक नग, मोटर पुली 5, चक्की पुली 10. खाली बदलल्याची तारीख.