ॲपची सत्ता कोठवर चालते?

हल्लीं आपल्या पापडींत मोबाइल फोन नाहीं असें घर विरळाच. बँकेचा व्यवहार, शाळेची सूचना, परदेशीं गेलेल्या मुलाची खुशाली, हें सर्व त्या वीतभर यंत्रांतूनच घरांत येतें. परंतु त्यावरील एक ॲप दुसऱ्याचें काय पाहूं शकतें व काय पाहूं शकत नाहीं, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. कोणी म्हणतो, ॲपला सर्व कांहीं दिसतें. कोणी म्हणतो, कांहींच दिसत नाहीं. दोन्ही मतें चुकीचीं आहेत.

फोनची ऑपरेटिंग सिस्टीम हा घरधनी आणि ॲप हा पाहुणा, अशी कल्पना करा. घरधनी प्रत्येक पाहुण्यास स्वतंत्र खोली देतो. अँड्रॉइडमध्यें प्रत्येक ॲपला सामान्यतः निराळा वापरकर्ता-क्रमांक असतो. एका क्रमांकाच्या खोलींतील कागद दुसऱ्यास उघडतां येत नाहींत. म्हणून खेळाचें ॲप बँकेच्या ॲपमधील हिशेब वाचूं शकत नाहीं. ‘सारा फोन स्वच्छ करितों’ अशी जाहिरात करणारें ॲपही इतरांच्या बंद खोल्यांत शिरूं शकत नाहीं. तें बोलतें मोठें, झाडतें मात्र ओटीच!

कॅमेरा, मायक्रोफोन, ओळखीच्यांचे क्रमांक, आपलें ठिकाण, या घरांतील सामाईक वस्तू होत. त्यांस हात लावण्यापूर्वीं पाहुण्यास परवानगी मागावी लागते. पूर्वीं अँड्रॉइडवर ॲप बसवितांनाच सर्व परवानग्या एकदम द्याव्या लागत. २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून ऐन कामाच्या वेळीं एकेक परवानगी विचारली जाऊं लागली, व दिलेली परवानगी परत घेण्याचीही सोय झाली. इंटरनेटवर जाण्यासाठीं मात्र ॲप सहसा आपणांस विचारीत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

कांहीं पाहुण्यांचें कामच असें, कीं त्यांस सर्व खोल्यांतून फिरावें लागतें. मुंबईच्या आय. आय. टी. ने २०१३ सालीं काढलेला ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड याचें उत्तम उदाहरण होय. त्यांत व्यंजनावर बोट ठेविलें कीं त्याभोंवतीं त्याच्या बाराखडीचें चक्र उमटतें, व हव्या त्या स्वराकडे बोट सरकविलें कीं अक्षर तयार होतें. मराठी लिहिणारांची यानें मोठी सोय झाली. परंतु कोणताही कीबोर्ड प्रत्येक ॲपमध्यें चालतो, म्हणून आपण लिहिलेलें पत्र काय आणि पासवर्ड काय, सर्व त्याच्याच हातून जातें. बाहेरचा कीबोर्ड सुरू करितांना अँड्रॉइड तसा इशाराही देतें. आयफोनवर बाहेरच्या कीबोर्डास २०१४ सालीं प्रवेश मिळाला. तथापि पासवर्डच्या जागीं तो फोन स्वतःचाच कीबोर्ड पुढें करतो, व मालकाच्या वेगळ्या संमतीवांचून बाहेरच्या कीबोर्डास इंटरनेट देत नाहीं. म्हणून कीबोर्ड घेतांना तो कोणी बनविला, हें अवश्य पाहावें.

याहूनही मोठी सत्ता ‘ॲक्सेसिबिलिटी’ नांवाच्या परवानगीची आहे. अंध व अपंग बांधवांसाठीं पडदा वाचून दाखविणें व त्यांच्या वतीनें बटण दाबणें, हा तिचा उदात्त हेतु. पण तीच दुष्टाच्या हातीं गेली तर खोल्यांच्या भिंती असून नसल्यासारख्या होतात. दूर बसून दुसऱ्याचा फोन चालविणाऱ्या ॲपच्या साहाय्यानें खात्यांतील पैसे लुबाडले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्यें दिला होता. ठग गोड बोलून ॲप बसवावयास लावतो, त्यावर उमटलेला क्रमांक विचारून घेतो, आणि पुढील परवानग्या आपल्याच बोटानें देववितो. येथें चोर कुलूप फोडीत नाहीं. दार आपणच उघडतों.

मुलांनो, तुमच्या आजी-आजोबांस फोन तुम्हीच शिकवितां. तेव्हां या सुटींत त्यांच्याजवळ बसून सेटिंग्जमधील तीन गोष्टी तपासा : कीबोर्ड कोणता आहे, ॲक्सेसिबिलिटी कोणास दिली आहे, आणि कॅमेरा व मायक्रोफोन कोणाकडे आहेत. अनावश्यक तें त्यांस विचारून बंद करा. पालकहो, फोनवरून कोणी अनोळखी ॲप बसवावयास सांगूं लागला तर संभाषण तेथेंच थांबवावें. आणि दुर्दैवानें पैसे गेलेच, तर लाज न बाळगतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. घरधनी कितीही दक्ष असो, किल्ल्यांचा जुडगा अखेर आपल्याच कमरेला आहे.