पासबुकातले इंग्रजी शब्द: कोणता सोपा, कोणता अवघड?

मैत्रिणींनो, "आपल्याला कुठं इंग्रजी येतं?" असं आपण म्हणतो खरं, पण मिटिंग, लोन, फॉर्म, झेरॉक्स हे शब्द दिवसभर आपल्या तोंडात असतात. अडतं ते पासबुक, बँकेचा मेसेज किंवा कर्जाचा कागद हातात आला की. तिथले काही शब्द सोप्याकडून अवघडाकडे घेऊ. मात्र लांबलचक शब्द तो अवघड, असं इथं धरलेलं नाही. जो न कळल्यामुळं जास्त पैसे जातात, तो जास्त अवघड!

सोपे शब्द आधी. क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे नावे. मेसेजमध्ये 'क्रेडिटेड' आलं की खात्यात पैसे आले, 'डेबिटेड' आलं की गेले. पासबुकात जागा कमी, म्हणून नुसतं 'सी-आर' आणि 'डी-आर' छापतात. डिपॉझिट म्हणजे भरलेले पैसे, विड्रॉवल म्हणजे काढलेले, बॅलन्स म्हणजे शिल्लक.

पण गटाच्या सीसी खात्यात हाच सोपा शब्द फसवतो. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलता येणारं कर्ज. तिथं बॅलन्स ८०,००० आणि पुढं 'डी-आर' असेल, तर ती आपली शिल्लक नव्हे. तेवढं बँकेचं देणं आहे. मासिक बैठकीत हिशेब वाचताना ही दोन अक्षरं मोठ्यानं वाचायची सवय लावा.

उच्चाराचं म्हणाल तर इंग्रजीत लिहितात एक आणि बोलतात दुसरंच. पैसे भरल्याच्या पावतीला रिसीट म्हणतात. त्यात 'पी' लिहितात, पण बोलत नाहीत. कर्जाला डेट म्हणतात, त्यातला 'बी' असाच मुका. तारखेलाही डेटच म्हणतात, फक्त तिथं 'डे' जरा लांबवायचा. उच्चार थोडा चुकला तरी खिडकीतल्या साहेबांना कळतं, त्याची लाज नको.

आता मधले शब्द. प्रीमियम म्हणजे विम्याचा हप्ता, आणि ऑटो-डेबिट म्हणजे आपण दिलेल्या परवानगीनं तो खात्यातून आपोआप कापला जाणं. जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये असेच कापले जातात. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. म्हणून दोन्ही विमे असतील तर मे महिन्यात खात्यात निदान ४५६ रुपये राहू द्या. पहिल्यात कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात.

बँक खात्याची नॉमिनी म्हणजे आपल्यामागं बँक जिच्या हातात पैसे देईल ती व्यक्ती. त्यामुळं बाकी वारसांचा हक्क संपत नाही. गॅरंटर म्हणजे जामीनदार. कर्जदारानं पैसे थकवले की बँक तिच्या दारात येते. को-बॉरोअर तर स्वतःच कर्जदार असते. "नुसती सही कर गं" म्हणून कुणी कागद पुढं केला, तर या दोन शब्दांपैकी कोणता शब्द सहीच्या वर आहे ते आधी बघा.

सगळ्यात अवघड शब्द मात्र दिसायला सगळ्यात सोपा आहे: फ्लॅट. १०,००० रुपये वर्षभरासाठी १२ टक्के 'फ्लॅट'नं घेतले, तर दर महिन्याला मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण १०,००० वरच लागतं. म्हणजे १,२०० रुपये. तेच १२ टक्के 'रिड्यूसिंग'नं, म्हणजे घटत्या शिलकीवर घेतले आणि मुद्दल दरमहा सारखं फेडलं, तर व्याज होतं ६५० रुपये. दोन्ही कागदांवर लिहिलेलं असतं १२ टक्केच! फ्लॅटचा तो दर घटत्या हिशेबानं २१ टक्क्यांच्याही वर जातो. घरी पाटीवर मांडून बघा.

हे ओळखायला 'एपीआर' शोधा. व्याज, प्रोसेसिंग फी वगैरे सगळा खर्च धरून वर्षाला पडणारा तो खरा दर. तो 'केएफएस' नावाच्या कागदावर असतो. केएफएस म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, कर्जाची मुख्य माहिती. हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा सहीच्या आधी म्हणा, "साहेब, केएफएस मराठीत द्या, आणि त्यात एपीआर कुठं आहे ते बोट ठेवून दाखवा."