तलाक झाला, कागद कुठे आहे?
तलाक झाला, पण हातात कागद नसेल तर दुसरा निकाह असो की खर्चाचा दावा, काम अडतं. आम्ही सांगू, काझीसाहेबांचा खुलानामा जपाच, पण कोर्टाची डिक्रीही घ्या. नवऱ्याने 2 वर्षं खर्च दिला नाही किंवा 4 वर्षं त्याचा पत्ता नाही, तर 1939 च्या कायद्याने बायकोला फस्ख मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

जुन्या निकालाची नक्कल त्याच कोर्टात अर्ज करून मिळते. केस नंबर ई-कोर्ट्सवर नावाने शोधा. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीची केस असेल तर अकोल्यातही विचारा.