इंग्लंडचे किल्ले (भाग ७) : चाळीस डुकरे आणि एक गोल बुरूज

लंडनहून डोव्हर बंदराकडे जाणारा जुना रोमन रस्ता केंट परगण्यात मेडवे नदी ओलांडतो. त्या पुलावर ज्याची नजर, त्याच्या हाती राजधानीची वाट. रॉचेस्टरचा किल्ला इथेच उभा राहिला तो यामुळेच. बिशप गंडल्फने अकराव्या शतकाच्या अखेरीस त्याला दगडी तट घातला. ११२७ नंतर कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम द कॉर्बेय यांनी बांधलेला बालेकिल्ला सुमारे ११३ फूट उंच आहे, आणि त्याच्या भिंती काही ठिकाणी बारा फूट जाड आहेत. या बालेकिल्ल्याचे तीन कोपरे चौकोनी आहेत, आग्नेयेचा मात्र गोल.

त्यामागे १२१५ सालचा वेढा आहे.

त्या जूनमध्ये जॉन राजाने मॅग्ना कार्टा मान्य केला. ऑगस्टमध्ये पोपने तो रद्द ठरवला आणि यादवी पेटली. विल्यम डॉबिनीच्या नेतृत्वाखाली बंडखोर सरदार रॉचेस्टरमध्ये शिरले. ऑक्टोबरच्या मध्यावर राजा स्वतः चालून आला. लंडनहून कुमक येऊ नये म्हणून पूल तोडला गेला. कँटरबरीच्या लोहारांना रात्रंदिवस कुदळी घडवण्याचा हुकूम सुटला. दगडफेकी यंत्रे चालूच होती, पण राजाची खरी भिस्त या कुदळींवर होती.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये बंदुकीची दारू नव्हती. बुरुजाच्या पायाखाली भुयार खणायचे, वरचा भार लाकडी टेकूंवर पेलायचा आणि शेवटी ते टेकू जाळायचे, असे तंत्र होते. २५ नोव्हेंबरला जॉनने ह्यूबर्ट द बर्ग या आपल्या बड्या अधिकाऱ्याला लिहिले : खाण्याच्या कामाची नाहीत अशी चाळीस लठ्ठ डुकरे तातडीने पाठवा, बुरुजाखाली आग लावायची आहे. चरबीने जाळ भडकला आणि कोपरा कोसळला.

तरीही किल्ला पडला नाही! बालेकिल्ल्याला मधोमध दुभागणारी एक भक्कम भिंत आहे, आणि विहीर तिच्यातच. बंडखोर तिच्याआड सरकले आणि घोड्यांचे मांस खाऊन झुंजत राहिले. चरबी आणि कुदळींनी कोपरा पाडला. किल्ला मात्र घेतला तो भुकेनेच. ३० नोव्हेंबरला शरणागती झाली. सगळ्यांना फासावर चढवण्याचा राजाचा बेत त्याच्याच बाजूच्या साव्हारी द मोलिओनने मोडून काढला : आज आपण त्यांना लटकवले, तर उद्या त्यांच्या हाती सापडलेल्या आपल्या माणसांचीही तीच गत होईल, असा त्याचा युक्तिवाद. फाशी गेला तो लहानपणापासून राजाच्या पदरी वाढलेला एक तिरंदाज.

पुढच्या वर्षी जॉन मेला. त्याचा मुलगा तिसरा हेन्री याच्या कारकिर्दीत हा कोपरा गोल बांधला गेला. १२६४ मध्ये बंडखोर सरदार सायमन द माँटफर्टने पुन्हा वेढा घातला आणि पुन्हा भुयार खणले. तट पडला, पण बालेकिल्ला हाती लागण्याआधीच राजाची फौज येत असल्याची खबर आली आणि त्याला माघार घ्यावी लागली.