उभयचर नौकांवरील ‘जंप जेट’

अमेरिकेच्या मोठ्या विमानवाहू नौकांवरून लढाऊ विमाने कॅटापल्टच्या साह्याने हवेत झेपावतात. मरीन सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या उभयचर युद्धनौकांवर मात्र ही यंत्रणा नसते. उतरणारे विमान अडवणाऱ्या तारांचीही सोय नसते. तरीही प्रथम हॅरियरने आणि नंतर एफ-३५बीने या नौकांवरून उड्डाणे केली.

‘जंप जेट’ जागच्या जागी वर उठू शकते, हे खरे. परंतु अशा उड्डाणात सारे वजन केवळ इंजिनाच्या रेट्याला पेलावे लागते. परिणामी इंधन आणि शस्त्रे कमी न्यावी लागतात. म्हणून सुमारे २५७ मीटर लांबीच्या नौकेवर विमान थोडे अंतर धावते. पंखांना हवेचा आधार मिळून भार वाढवता येतो. परतताना इंधन सरलेले, वजन घटलेले असते. त्यामुळे ते उभे उतरू शकते. एफ-३५बीच्या उष्ण झोतासाठी डेकला उष्णतारोधक लेप द्यावा लागला.

खरा पेच जागेचा आहे. २०१४ मध्ये सेवेत आलेल्या ‘अमेरिका’ या नौकेवर विमानांसाठी जागा वाढवताना लँडिंग क्राफ्ट पाण्यात सोडण्याचा कप्पाच वगळण्यात आला. तिच्याच धर्तीच्या ‘त्रिपोली’वर २०२२ मध्ये एकाच वेळी २० एफ-३५बी ठेवून चाचणी झाली. परंतु जड वाहने किनाऱ्यावर न्यायची कशी, हा प्रश्न उरलाच. पुढील ‘बोगनव्हिल’च्या आराखड्यात म्हणूनच तो कप्पा परत आला. आकाशातील बळ वाढवताना सैनिक उतरवण्याचे मूळ कार्य दुबळे होऊ नये, हाच त्यामागील विचार होय.