रिकाम्या हंगामातील बैलाचा खुराक

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांत सांभाळला जाणारा गवळाऊ बैल चपळ चालीसाठी नावाजलेला असला, तरी रब्बीची कामे आटोपल्यापासून खरिपाच्या मशागतीपर्यंत तो बराचसा रिकामा असतो, आणि या काळात त्याच्या खुराकाचा हिशेब बदलावा लागतो. पशुआहारशास्त्र निर्वाह आहार, म्हणजे श्वसन, पचन आणि शरीराची ऊब राखण्यापुरते अन्न, व ओढकामासाठी लागणारा जादा श्रम-आहार असा भेद करते. काम थांबल्यावर कपात दुसऱ्यातच करावयाची असते. सुमारे 400 किलो वजनाच्या बैलाला दिवसाला 8 ते 10 किलो शुष्क पदार्थ, म्हणजे पाण्याचा अंश वगळून उरणारे खाद्य, पुरते आणि त्याचा मोठा भाग कडबा व तुरीचे कुटार यांतून भागतो. सरकीची ढेप मात्र पूर्णपणे तोडणे ही खोटी काटकसर होय, कारण कडब्यात प्रथिने फार कमी असतात आणि ती न मिळाल्यास पोटातील तंतू पचवणारे सूक्ष्मजीव मंदावून बैलाचे वैरण खाणेच घटते.

घोड्याच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते: विश्रांतीच्या दिवशीही पूर्ण दाणा दिलेल्या घोड्याचे स्नायू कामाला जुंपताच आखडतात, म्हणून युरोपात या विकारास सोमवारचा आजार म्हणत. वाळल्या वैरणीत ‘अ’ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असलेले कॅरोटीन अत्यल्प उरते, त्यामुळे उन्हाळ्यात बैलाला थोडा तरी हिरवा चारा द्यावा, आणि मृग नक्षत्रापूर्वी दोन आठवडे ढेप हळूहळू वाढवावी.