आधी चुंबक, मग पातेलं

जुन्नर, ओतूर, मंचर नाहीतर घोडेगावला कॉलेजसाठी रूम घेतली, की पहिला प्रश्न पोटाचा. रोजची मेस परवडत नाही, सिलिंडरची कटकट नको. मग चौघांत मिळून इंडक्शन येतं. आईने दिलेलं जर्मनचं पातेलं त्यावर ठेवलं, की शेगडी नुसती बीप-बीप करते. ती बिघडलेली नसते. भांडं चुकलेलं असतं.

कारण सोपं आहे. इंडक्शनमध्ये जाळ नसतो. काचेखाली तांब्याची कॉइल असते, तिच्यातून झपाट्याने दिशा बदलणारा करंट वाहतो. त्यामुळे तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या बुडातच करंट फिरतो आणि बूड तापतं. लोखंडात हे मस्त जमतं. ॲल्युमिनियम म्हणजे आपलं जर्मन, तांबं, पितळ, मातीची भांडी यांत नाही.

मग स्टील? खरी फसगत इथेच होते. दिसायला चकाचक असलेल्या प्रत्येक स्टीलला चुंबक चिकटत नाही. म्हणून नारायणगाव-मंचरच्या बाजारात भांडी घ्यायला जाताना खिशात फ्रिजवरचं चुंबक ठेवा. भांड्याच्या कडेला नाही, बुडाला लावा. घट्ट चिकटलं तरच पैसे काढा. बूड सपाट हवं. गोल बुडाची कढई इथे चालत नाही. अगदी छोटं, चहापुरतं भांडं तर बऱ्याच शेगड्या ओळखतच नाहीत. कुकरवर 'इंडक्शन बेस' लिहिलंय का, तेही बघा.

गंमत म्हणजे, आजीचा बिडाचा तवा बुडाला सपाट असेल तर इथे एकदम पास! फक्त भाकरी जाळावर फुगवता येणार नाही, तव्यावरच फडक्याने दाबून शेका. तवा काचेवर ओढू नका, उचलून ठेवा. आच हळूहळू वाढवा.

आणि प्लग? २००० वॉटची शेगडी जवळपास ९ अँपिअर करंट ओढते. मोबाइल चार्जिंगच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेंशनवर ती लावलीत, तर वायर तापून जळू शकते. १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. रूम घेतानाच मालकांना विचारा. फुल पॉवरवर अर्ध्या तासात एक युनिट जळतं; बिलाची वाटणीही आधीच ठरवा.

या रविवारी घरी गेलात, की फळीवरच्या भांड्यांना चुंबक लावून बघा. खरेदीची यादी निम्मी होईल कदाचित.